‘कधीपासून?’ : हॉस्पिटलमधला वृद्ध रुग्ण आणि एका प्रश्नाचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की हे व्याख्यान एखाद्या डॉक्टरनं द्यायला हवं होतं. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला. त्या पदवीनं कुणाचा ताप उतरत नाही. तरी हा विषय घेतला, कारण यातला कळीचा प्रश्न औषधाचा नाही, ओळखण्याचा आहे. हॉस्पिटलात आलेल्या म्हाताऱ्या माणसाची बुद्धी ठिकाणावर नाही हे ओळखायचं कसं? आणि ते नीट ओळखायला वैद्यकाला इतका काळ का लागला?

प्रसंग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ऐंशीच्या घरातलं माणूस न्यूमोनियानं किंवा खुब्याचं हाड मोडल्यानं दाखल होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते असंबद्ध बोलायला लागतं, सलाईनची नळी ओढतं, मुलीला आई म्हणून हाक मारतं. किंवा यातलं काहीच करत नाही, नुसतं गप्प पडून राहतं. वॉर्डात सगळ्यांचं एकमत होतं : वय झालं. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे तयारच असते.

आता गंमत अशी, की म्हण एक असली तरी मराठीत शब्द दोन आहेत. एक ‘म्हातारचळ’ आणि दुसरा ‘वात होणे’. म्हातारचळ सावकाश लागतो आणि लागला की राहतो. वात तापात होतो, माणूस बरळतं, आणि ताप उतरला की वातही उतरतो. आजच्या वैद्यकाच्या भाषेत पहिल्याच्या जवळचा शब्द डिमेन्शिया, दुसऱ्याच्या जवळचा डिलिरियम. आपल्या आज्यांना हा फरक ठाऊक होता. तो माहीत असणं का महत्त्वाचं? कारण डिलिरियम ही बहुतेक वेळा शरीरात दुसरीकडे काहीतरी बिघडल्याची खूण असते : जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं, रक्तातलं सोडियम घसरणं, शरीरातलं पाणी कमी होणं, एखादं नवं औषध. कारण शोधलं तर माणूस पुष्कळदा परत ताळ्यावर येतं. ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं तर ते कारण आत तसंच वाढत राहतं. म्हणजे शब्द चुकला की उपचार चुकतो, आणि त्यात माणूस जाऊही शकतं.

हा फरक नवा नाही. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत तापातल्या रोग्याची लक्षणं दिली आहेत : हवेत काहीतरी पकडणं, पांघरुणाचे धागे उपटणं, भिंतीवरून काड्या वेचणं. ही वाईट खूण, असं तिथं सांगितलं आहे. ग्रीक वैद्यांना याची दोन रूपंही माहीत होती, एक खवळलेलं आणि दुसरं गुंगीत गेलेलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससनं डिलिरियम हा शब्द वैद्यकात वापरला. त्याची व्युत्पत्ती शेतातली आहे. लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे नांगरानं पाडलेलं तास. तास सोडून भलतीकडे गेलेला नांगर, तो डिलिरियम. आणि रोमन साम्राज्याच्याच काळातला अरेटिअस हा ग्रीक वैद्य सांगतो की वेड येतं आणि जातं, पण म्हातारपणीचा बुद्धिभ्रम एकदा सुरू झाला की खंड न पडता मरेपर्यंत सोबत करतो.

अरेटिअस इथं फरक कशावरून करतोय ते बघा. माणूस काय बरळतो यावरून नाही. कधी सुरू झालं, मध्ये थांबतं का, किती टिकतं, यावरून. म्हणजे काळावरून. हा धागा हातात धरून ठेवा, कारण पुढे तो बराच काळ हरवणार आहे.

१९व्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये एस्किरोल या मनोविकारतज्ज्ञानं एक उपमा दिली. जन्मतः मतिमंद माणूस हा कायमचा गरीब, तर डिमेन्शियाचा रुग्ण म्हणजे श्रीमंती भोगून मग कफल्लक झालेला माणूस. उपमा आजच्या कानांना कठोर वाटते, पण तिच्यात एक तर्कशास्त्रीय मुद्दा आहे. समोरचा माणूस कफल्लक *झाला* आहे हे म्हणायला त्याची पूर्वीची श्रीमंती ठाऊक असावी लागते. रिकामा खिसा बघून ते कळत नाही.

इथं मला आपल्या दर्शनांतलं एक उदाहरण आठवतं. ‘सोऽयं देवदत्तः’, तोच हा देवदत्त. ओळख पटणं, म्हणजे प्रत्यभिज्ञा, समजावताना आपले पंडित हे उदाहरण हमखास देतात. त्यात दोन घटक आहेत : ‘हा’, जो आत्ता डोळ्यांसमोर आहे, आणि ‘तो’, जो पूर्वी पाहिलेला आहे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. आता हॉस्पिटलची अडचण लक्षात येईल. डॉक्टरांसमोर फक्त ‘हा’ आहे. ‘तो’ त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. ‘हा आता तो राहिलेला नाही’ हे ते कशाच्या आधारावर म्हणणार?

अल्झायमरच्या प्रसिद्ध रुग्णाची गोष्टही या दृष्टीनं वाचण्यासारखी आहे. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. अलॉइस अल्झायमरनं तिला नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, वस्तू दाखवून त्यांची नावं विचारली आणि उत्तरं लिहून ठेवली. पण ती पूर्वी अशी नव्हती, काही महिन्यांत बदलली, ही हकीकत सांगणारा होता तिचा नवरा. १९०६ मध्ये ती वारली, त्याच वर्षी ट्युबिंगनच्या परिषदेत अल्झायमरनं तिच्या मेंदूतले बदल मांडले आणि १९१० मध्ये क्रेपेलिननं आपल्या पाठ्यपुस्तकात त्या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. ती वयानं म्हातारी नव्हती म्हणूनच तो ‘आजार’ ठरला. म्हाताऱ्यांना तेच झालं तर पुढची अनेक दशकं ते वयाचंच मानलं गेलं. ‘साठी बुद्धी नाठी’ ही समजूत युरोपातही होती, नुसती आपली नव्हे.

त्या समजुतीची किंमत काय होती, हे १९३५ मध्ये लंडनच्या पश्चिमेला वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये दिसलं. शेजारच्या अनाथ-गरिबांच्या रुग्णशाळेची जबाबदारी डॉ. मार्जोरी वॉरन या तरुण डॉक्टरबाईंवर आली. तिथं ७१४ रुग्ण होते. बरेचसे वृद्ध, कित्येक वर्षं खाटेवर पडून, निदानाचा पत्ता नाही. गोंधळलेले, लकवा झालेले, नुसते अशक्त, सगळे एकाच छपराखाली. वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं आणि गट पाडले : चालू-फिरू शकणारे, खाटेवर असून शुद्धीत असलेले, गोंधळलेले पण शांत, बुद्धी पूर्ण गेलेले, वगैरे. मग ज्यांना उठवता येईल त्यांना उठवलं, चालवलं, पुष्कळांना घरी पाठवलं. खाटांची गरज उतरत २४० वर आली. १९४० च्या दशकात त्यांनी यावर लेख लिहिले आणि ब्रिटनमध्ये वृद्धांच्या वैद्यकाची शाखा उभी राहिली. या कामात नवं औषध एकही नव्हतं. ‘म्हातारे’ या एका शब्दाखाली गोळा केलेली माणसं वेगवेगळी बघणं, एवढंच होतं.

वॉरनबाईंनी माणसं निवडून वेगळी केली. आजार वेगळे केले मार्टिन रॉथ यांनी, १९५५ मध्ये. चिचेस्टरजवळच्या ग्रेलिंगवेल या मनोरुग्णालयात साठीपुढचे रुग्ण त्यांनी गटांत विभागले : नैराश्यासारखे भावनिक विकार, उतारवयात जडलेले संशय आणि भ्रम, रक्तवाहिन्यांच्या आजारातून आलेला ऱ्हास, वार्धक्यातला बुद्धिभ्रंश आणि अचानक उद्भवलेला गोंधळ. त्यानंतर रॉथनी काय केलं? सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी त्या माणसांचं काय झालं, ते पाहिलं. नैराश्याचे बहुतेक घरी गेले होते. बुद्धिभ्रंशाचे बहुतेक दोन वर्षांत वारले होते. अचानक गोंधळलेले एकतर बरे झाले होते किंवा दगावले होते. वरून सारखे दिसणारे आजार काळानं वेगळे करून दाखवले. म्हणजे अरेटिअसचा धागा पुन्हा सापडला. त्यातला नैराश्याचा गट विसरू नका. ‘विसरतात, लक्ष नाही’ म्हणून बुद्धिभ्रंशात मोजलेली आणि खरं तर खचलेली माणसं त्यात होती, आजही असतात.

पण घाईच्या वॉर्डात दोन वर्षं थांबायला वेळ कुणाला? तिथं काहीतरी झटपट हवं होतं. म्हणून आल्या चाचण्या. १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये हॉडकिन्सन यांनी दहा प्रश्नांची चाचणी दिली : वय काय, साधारण किती वाजले, साल कोणतं, हे हॉस्पिटल कोणतं, जन्मतारीख काय, पहिलं महायुद्ध कधी झालं, सध्या गादीवर कोण, वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे, आणि असेच आणखी. १९७५ मध्ये अमेरिकेत फोलस्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी तीस गुणांची ‘मिनी मेंटल’ परीक्षा प्रसिद्ध केली. ती जगभर पसरली. चोवीसच्या खाली गुण म्हणजे संशय, असा संकेत रूढ झाला.

या चाचण्यांनी मोठं काम केलं हे आधी मान्य करू. ‘जरा विसरतात’ या मोघम बोलण्याच्या जागी आकडा आला आणि डॉक्टरांना विचारायची सवय लागली. पण परीक्षा म्हटली की शाळा आलीच. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या लोकसंख्येवरचे आकडे आले. नऊ किंवा अधिक वर्षं शाळा शिकलेल्यांचा मध्यांक २९ होता, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६, आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचा २२. म्हणजे कमी शिकलेल्या निम्म्याहून अधिक माणसांवर ‘चोवीसच्या खाली’ असा शिक्का बसला असता! आणि उलटंही खरं. निवृत्त हेडमास्तर बरंच गमावूनही सत्तावीस गुण मिळवू शकतात. परीक्षा देण्याची सवय शेवटपर्यंत टिकते हो. तारखेचंच घ्या. माझ्या वयाच्या माणसाला आज वार कोणता हे रविवारची पुरवणी आली की कळतं. हॉस्पिटलात पुरवणीही नसते, भिंतीवर कॅलेंडरही नसतं.

भारतात हा प्रश्न फार टोकदार होता. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत, जिथं बहुसंख्य वृद्धांना अक्षरओळख नव्हती, तिथं मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘हिंदी मेंटल स्टेट’ परीक्षा मांडली. मूळ परीक्षेत ‘डोळे मिटा’ असं लिहिलेलं वाचून डोळे मिटायचे होते. इथं तपासणारा म्हणणार, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. तिथं वाक्य लिहायचं होतं, इथं आपल्या घराबद्दल एखादं वाक्य बोलायचं. भाषांतर म्हणजे शब्द बदलणं नव्हे, याचा हा फार चांगला धडा आहे. पण त्याच प्रकल्पानं आणखी एक गोष्ट केली. १९९९ मध्ये रोजच्या व्यवहारांची एक प्रश्नावली आणली, आणि ती वृद्धाला नव्हे, घरच्यांना विचारायची होती.

इथं आपण मूळ मुद्द्याशी आलो. अशीच वाट ऑस्ट्रेलियात योर्म आणि जेकोम यांनी १९८९ मध्ये काढली होती. त्यांच्या २६ प्रश्नांत गुण देणारा असतो जवळचा माणूस, आणि प्रत्येक प्रश्नाची तुलना दहा वर्षांपूर्वीशी करायची. पैशाचे व्यवहार, नवं यंत्र वापरणं, अलीकडच्या गोष्टी आठवणं, हे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कसं आहे? या पद्धतीत शिक्षणाचा अडसर बराच कमी होतो, कारण निरक्षर आजीची तुलना प्रोफेसराशी होत नाही, तिची स्वतःशीच होते.

आता डिलिरियमकडे वळू. १९९० मध्ये येल विद्यापीठाच्या शॅरन इनुये आणि सहकाऱ्यांनी चार खुणांची एक पद्धत दिली. एक, बदल अचानक आला आणि तो कमीजास्त होतो. दोन, लक्ष टिकत नाही. तीन, विचार विस्कळीत आहेत. चार, जागेपणाची पातळी बदललेली आहे. पहिल्या दोन हव्यातच, आणि तिसरी किंवा चौथी यांपैकी एक. स्मृतीचं नाव या चारांत नाही, हे पाहा. डिलिरियममध्ये आधी मोडतं ते लक्ष, आपल्याकडच्या शब्दात अवधान. बारा महिने उलटे म्हणायला सांगितले तर डिसेंबर, नोव्हेंबर म्हणून गाडी थांबते किंवा भलत्या रुळावर जाते. पण पहिली खूण डॉक्टर एकटा सांगू शकत नाही. सकाळच्या राउंडला तो पाच मिनिटं येतो, तेव्हा आजोबा नेमके छान बोलतात. रात्री दोन वाजता ते गावाला जायची एसटी शोधत होते, हे रात्री सोबतीला असलेल्या माणसालाच ठाऊक.

मग परिचारिकांना तरी कळतं का? इनुये यांच्याच गटानं २००१ मध्ये हे तपासलं. डिलिरियम असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम ३१ टक्के रुग्णांमध्ये परिचारिकांनी तो ओळखला होता. कुणाचा निसटला? ऐंशी ओलांडलेल्यांचा, दृष्टी अधू असलेल्यांचा, आधीच डिमेन्शिया असलेल्यांचा आणि गप्प राहणाऱ्यांचा. नळ्या ओढणाऱ्याकडे सगळे धावतात. गप्प पडलेल्याला ‘शांत पेशंट’ म्हणतात. ग्रीकांना माहीत असलेलं ते गुंगीतलं रूप आपल्या गर्दीच्या वॉर्डांत चांगुलपणा ठरतं! यात परिचारिकांना दोष द्यायचा नाही. एका पाळीत इतक्या खाटा सांभाळणाऱ्या बाईला कालचा ‘तो’ आणि आजचा ‘हा’ जोडायला वेळ मिळणार कधी?

ओळखून करायचं काय, असं कुणी विचारील. १९९९ मध्ये येलच्याच हॉस्पिटलमध्ये सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीची सेवा. उरलेल्यांकडे चष्मा आणि कानाचं यंत्र आहे ना, पाणी पोटात जातंय ना, रात्री झोप लागते ना, हे पाहिलं. त्यांना चालवलं, त्यांच्याशी गप्पा मारल्या, आज काय वार, कुठं आहोत हे सांगितलं. पहिल्या गटात १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, दुसऱ्यात ९.९ टक्क्यांना. या गोष्टी आपल्याकडे कुणी ना कुणी नातेवाईक करतच असतो, फक्त त्या औषधाइतक्या महत्त्वाच्या आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि शेवटचा टप्पा. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. त्यात जवळच्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा : अलीकडे हे अधिक गोंधळल्यासारखे वाटतात का? एवढ्या एका प्रश्नानं बहुतेक डिलिरियम सापडले. त्याच सुमारास एडिंबरामध्ये तयार झालेली ‘फोर ए टी’ ही चाचणी आज अनेक देशांत वापरली जाते. ती दोन मिनिटांत होते. बारापैकी चार किंवा अधिक गुण मिळाले तर डिलिरियमची शक्यता धरायची. तिच्यात वय-जन्मतारीख-जागा-साल हे प्रश्न आहेत, उलटे महिने आहेत. पण ‘हा बदल अचानक आला का, तो चढतो-उतरतो का’ याला ‘हो’ असं उत्तर आलं, तर त्या एकट्याचे चार गुण मिळतात. बाकी सगळं बरोबर आलं तरी! दोन हजार वर्षं फिरून वैद्यक पुन्हा ‘कधीपासून?’ या प्रश्नाशी आलं, आणि त्यानं त्या प्रश्नाला मोठं वजन दिलं.

आता आपल्याकडे पाहू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. अशा माणसांना हॉस्पिटलात डिलिरियम होण्याचा धोका जास्त, म्हणजे जुन्यावर नवं चढतं, आणि जुन्याच्या आड नवं लपतं. पाश्चात्त्य हॉस्पिटलांना साक्षीदार फोन करून शोधावा लागतो. आपल्या सरकारी हॉस्पिटलात तो खाटेशेजारी चटई टाकून बसलेला असतो. त्याला औषधं आणायला पाठवतात, रक्ताच्या बाटल्यांसाठी पळवतात, पण ‘कालपर्यंत हे कसे होते?’ असं क्वचितच विचारतात. खासगी आयसीयूत तर तो काचेच्या बाहेर.

साक्षीदार नेहमी बिनचूक असतो असं मात्र नाही. मुलगा अमेरिकेत असतो, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलतो, आणि ‘कसं चाललंय?’ ‘छान’ एवढं बोलणं बुद्धी अर्धी गेल्यावरही नीट जमतं. तिथं खरी साक्ष स्वयंपाकाच्या बाईंची : भाजीत दोनदा मीठ पडतं, दुधाचे पैसे दोनदा दिले. शिवाय काही जणांना ठाऊक असूनही ते बोलत नाहीत. लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञानं वाराणसीत राहून १९९८ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. म्हाताऱ्याची बुद्धी ढळली की लोक तिथं आजाराबद्दल कमी आणि कुटुंबाबद्दल जास्त बोलतात, सेवेत काहीतरी कमी पडलं असणार असं मानतात, हे त्यानं नोंदवलं. आपल्याकडे वेगळं आहे का? ‘वर्षभरापासून विसरतात’ असं सुनेनं सांगितलं तर पुढचा प्रश्न येतो, ‘मग इतके दिवस काय करत होता?’ तो येणार या भीतीनं ती गप्प बसते. डॉक्टरला हवी असलेली तारीख त्या गप्प बसण्यात हरवते.

म्हणून शेवटी दोन साध्या गोष्टी सांगतो. घरातलं वृद्ध माणूस दाखल झालं, तर पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा : मागच्या आठवड्यापर्यंत हे पैसे मोजत होते, पेपर वाचत होते, संडासला एकटे जात होते, किंवा नव्हते, आणि कधीपासून नव्हते. आणि बदल दिसला तर ‘बाबा बरळताहेत’ असं नुसतं म्हणू नका. ‘काल संध्याकाळपासून बरळताहेत, त्याआधी असे नव्हते’ असं म्हणा. ते गप्प गप्प झाले असतील तर तेही तारखेसकट सांगा. डॉक्टर मंडळी ऐकत असतील तर त्यांनाही विनंती आहे. ‘हा’ तुमच्यासमोर आहे. ‘तो’ ठाऊक असलेलं माणूस बहुधा दाराशी उभं आहे, त्याला आत बोलवा आणि खुर्ची द्या.

इथं थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर घेऊया.